परकी ठरवलेली भाषा : अमेरिकन शाळांतील स्पॅनिशच्या अध्यापनाचा इतिहास

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या पश्चिम टोकाला, मेक्सिकोच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या मार्फा नावाच्या लहानशा गावात १९५४ साली एक अंत्यविधी झाला. तो झाला ब्लॅकवेल शाळेत. ही शाळा मेक्सिकन-अमेरिकन मुलांसाठी वेगळी ठेवलेली होती. शिक्षकांच्या सांगण्यावरून मुलांनी चिठ्ठ्या लिहिल्या, त्या एका पेटीत घातल्या आणि ध्वजस्तंभाजवळ खड्डा खणून ती पेटी पुरण्यात आली. पुरला गेला तो ‘मिस्टर स्पॅनिश’. यापुढे शाळेत आणि शाळेच्या मैदानावर स्पॅनिश बोलायचे नाही, असा त्या विधीचा अर्थ होता. मुले घरी जाऊन त्याच मेलेल्या भाषेत आईशी बोलली असतील, हे वेगळे सांगायला नको.

त्याच काळात त्याच देशाच्या सरकारी हायस्कुलांत स्पॅनिश हा वेळापत्रकातील प्रतिष्ठित विषय होता. १९४८ सालच्या आकडेवारीनुसार ८.२ टक्के विद्यार्थी स्पॅनिश शिकत होते आणि फ्रेंच ४.७ टक्के. म्हणजे आधुनिक परकीय भाषांमध्ये स्पॅनिश पहिली होती. व्याकरणाची पुस्तके, क्रियापदांचे तक्ते, शब्दसंग्रह, गुण असा सारा सरंजाम तिच्या दिमतीला होता. तिच्या अध्यापनाला वाहिलेली शिक्षकांची संघटना आणि नियतकालिकही तीस-पस्तीस वर्षे चालू होते. एका भाषेची एकाच देशात, एकाच शिक्षणव्यवस्थेत अशी दोन नशिबे कशी झाली, हा प्रश्न भाषा शिकवणाऱ्या कोणालाही अस्वस्थ करील. आम्ही मराठी शिकवतो, स्पॅनिश नव्हे. तरीही हा इतिहास वाचताना तो आमच्या वर्गाच्या खिडकीबाहेर घडतो आहे असे आम्हांला वाटत राहिले. त्याचे कारण पुढे येईलच.

आरंभ अर्थातच वरच्या मजल्यावर झाला. थॉमस जेफर्सन यांनी १७८७ साली आपल्या भाच्याला लिहिलेल्या पत्रात स्पॅनिश शिकण्याचा आग्रह धरला होता. स्पेनशी आणि स्पॅनिश अमेरिकेशी पुढे येणारे संबंध हे त्यामागचे कारण होते. हार्वर्डमध्ये फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांसाठी निर्माण झालेल्या अध्यासनावर जॉर्ज टिकनर १८१९ साली रुजू झाले आणि त्यांच्यानंतर ते स्थान कवी लाँगफेलो यांच्याकडे आले. टिकनर यांचा स्पॅनिश साहित्याचा त्रिखंडात्मक इतिहास १८४९ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी वर्षभर, २ फेब्रुवारी १८४८ रोजी, ग्वादालुपे हिदाल्गोचा तह होऊन मेक्सिकोचा अफाट प्रदेश अमेरिकेत आला होता आणि त्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या स्पॅनिश बोलणारी माणसेही आली होती. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध असू शकतो असे त्या वेळी कोणाला वाटण्याचे कारण नव्हते. टिकनर यांचे स्पॅनिश हे ग्रंथालयातील, माद्रिदहून आणलेल्या पोथ्यांतील होते. न्यू मेक्सिकोतील मेंढपाळ जे बोलत होते ते त्या अभ्यासाच्या कक्षेत येणारच नव्हते.

मात्र त्या मुलखात काही काळ वेगळी शक्यता जिवंत होती. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या राज्यघटनेने कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध करण्याची तरतूद केली होती. १८७९ च्या नव्या घटनेने ती काढून टाकली. न्यू मेक्सिकोचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे एल रितो या गावी १९०९ साली स्पॅनिशभाषक शिक्षक तयार करण्यासाठी अध्यापनशाळा स्थापन झाली. १९१२ साली हा प्रदेश राज्य म्हणून संघराज्यात सामील झाला, तेव्हा त्याच्या घटनेत एक कलम होते : स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना शिकवता यावे म्हणून शिक्षकांना दोन्ही भाषांत निष्णात करण्याची सोय विधिमंडळाने करावी. शिक्षकाने मुलाची भाषा शिकावी, ही अपेक्षा एका राज्याच्या घटनेत लिहिलेली आम्ही तरी अन्यत्र पाहिलेली नाही. कलम राहिले, पण व्यवहार दुसऱ्याच वाटेने गेला.

हायस्कुलांत स्पॅनिशचे आगमन झाले ते या दक्षिण-पश्चिमेकडून नव्हे, तर न्यूयॉर्ककडून. १९१० साली देशभरातील सरकारी हायस्कुलांमध्ये स्पॅनिश शिकणारे विद्यार्थी अवघे ०.७ टक्के होते. त्या वेळी जर्मन शिकणारे २३.७ टक्के होते, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. १९१४ मध्ये पनामा कालवा खुला झाला आणि त्याच सुमारास युरोपात युद्ध पेटल्यामुळे दक्षिण अमेरिकेची बाजारपेठ अमेरिकन व्यापाऱ्यांना खुणावू लागली. १९१५ साली स्पॅनिशचा आकडा २.७ टक्क्यांवर आला. जर्मन तेव्हाही २४.४ टक्क्यांवर ठाम होती. नंतर एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. १९२२ च्या मोजणीत जर्मन ०.६ टक्के आणि स्पॅनिश ११.३ टक्के!

हे आकडे आम्ही पुन्हापुन्हा पाहिले. सात वर्षांत एक भाषा शाळांतून जवळजवळ नाहीशी होते, हे कोणत्याही अध्यापनशास्त्राने घडवलेले नाही. ज्या भाषेतील काव्य आणि तत्त्वज्ञान कालपर्यंत संस्काराचे साधन मानले जात होते ती एका रात्रीत शत्रूची भाषा झाली. नेब्रास्कासारख्या राज्याने १९१९ साली आठवी पूर्ण होण्यापूर्वी कोणतीही परकी भाषा शिकवणे गुन्हा ठरवले. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, पण तोवर जर्मनचे जे व्हायचे ते होऊन गेले होते. तिची रिकामी खुर्ची स्पॅनिशला मिळाली. खुर्ची मिळाल्याचा आनंद स्पॅनिशच्या शिक्षकांना झाला यात नवल नाही. त्यांनी तो मिळवण्यासाठी प्रयत्नही केले.

या प्रयत्नांचे केंद्र होते लॉरेन्स विल्किन्स. न्यूयॉर्कच्या हायस्कुलांतील आधुनिक भाषांच्या अध्यापनाची धुरा त्यांच्याकडे होती. त्यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९१७ मध्ये स्पॅनिशच्या अमेरिकन शिक्षकांची संघटना उभी राहिली आणि लगोलग ‘हिस्पानिया’ हे तिचे मुखपत्र निघाले. ते आजही चालू आहे. संस्कार आणि बौद्धिक शिस्त यांसाठी जर्मनच्या जागी स्पॅनिश यावी, असे प्रतिपादन विल्किन्स यांनी या नियतकालिकाच्या पहिल्याच वर्षात केले. म्हणजे व्यापाराची भाषा म्हणून आलेल्या स्पॅनिशला आता साहित्याची भाषा म्हणूनही पत सिद्ध करावी लागत होती. ती पत कोठून आणणार? स्पेनहून. शालेय आवृत्त्या निघाल्या त्या आलार्कोन, पालासियो वाल्देस, गाल्दोस अशा स्पेनमधील लेखकांच्या. उच्चार कोणता शिकवायचा यावर शिक्षकांमध्ये वाद झाले ते मुख्यतः कास्तीलचा की दक्षिण अमेरिकेचा, या मुद्द्यावर. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातील शेतमजुराचा उच्चार या वादात उमेदवारच नव्हता.

आणि येथेच या इतिहासातील सर्वांत विलक्षण माणूस आपल्याला भेटतो. ‘हिस्पानिया’चे पहिले संपादक होते स्टॅनफर्डचे प्राध्यापक ऑरेलिओ एस्पिनोसा. ते १८८० साली दक्षिण कोलोराडोत एका जुन्या स्पॅनिशभाषक कुटुंबात जन्मले. न्यू मेक्सिकोच्या विद्यापीठात त्यांनी काही वर्षे अध्यापन केले आणि १९०९ मध्ये शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता न्यू मेक्सिकोची स्पॅनिश. आपल्या आजी-आजोबांची बोली त्यांनी ध्वनी आणि रूपे यांच्या अंगाने तपासली, त्या मुलखातील लोककथा आणि लोकगीते गोळा केली आणि हे सारे सोळाव्या-सतराव्या शतकांतील स्पेनचे जिवंत अवशेष आहेत, असे दाखवून दिले. उदाहरण घ्यायचे तर ‘मी आणले’ या अर्थी पाठ्यपुस्तकातील रूप ‘त्राखे’. न्यू मेक्सिकोतील म्हातारा माणूस म्हणे ‘त्रुखे’. शाळेच्या दृष्टीने ही ढोबळ चूक. पण ‘त्रुखे’ हे रूप सेर्वान्तेसच्या काळच्या गद्यात सहज सापडते. ‘असे’ या अर्थी येणाऱ्या ‘आसीना’ची गोष्टही अशीच, ग्रामीण म्हणून हिणवलेली.

प्राचीन मराठीचा पेपर शिकवणाऱ्यांना हे नवे नाही. लीळाचरित्रातील एखादे रूप आम्ही वर्गात आदराने उलगडून सांगतो, त्याची व्युत्पत्ती फळ्यावर मांडतो आणि त्याच रूपाचा वंशज वऱ्हाडाकडच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत दिसला की त्याखाली लाल रेघ ओढतो. ही रेघ आम्हीही ओढलेली आहे, म्हणून अमेरिकन शिक्षकांकडे बोट दाखवताना हात जरा थबकतो.

एस्पिनोसा यांच्याविषयी मात्र भाबडेपणा नको. त्यांनी आपल्या बोलीला मान मिळवून दिला तो तिचे स्पेनशी असलेले नाते सिद्ध करून. मेक्सिकोशी असलेले नाते, स्थानिक आदिवासी भाषांशी झालेली देवाणघेवाण त्यांच्या मांडणीत गौण राहिली. बोलीला प्रतिष्ठा हवी असेल तर तिला कुलीन पूर्वज दाखवावा लागतो, ही त्या काळची अटच होती. शिवाय संशोधनातील ‘त्रुखे’ शालेय पुस्तकात कधी पोचला नाही. तो बोलीविज्ञानाच्या ग्रंथांत राहिला. वर्गात ‘त्राखे’च राहिले.

१९१८ हे वर्ष या कहाणीत दोनदा येते. ‘हिस्पानिया’चा पहिला खंड प्रसिद्ध होत होता, त्याच वर्षी टेक्सासच्या विधिमंडळाने सरकारी शाळांत इंग्रजीखेरीज अन्य भाषेत शिकवणे हा शिक्षकासाठी दंडनीय गुन्हा ठरवला. अपवाद एकच होता : हायस्कूलच्या वर्गांत परकीय भाषा हा अभ्यासक्रमातील विषय म्हणून शिकवता येईल. हा अपवाद निरुपद्रवी दिसतो. पण त्या काळी टेक्सासमधील बहुतेक मेक्सिकन-अमेरिकन मुले हायस्कूलपर्यंत पोचतच नसत. शेतातील कामाचे हंगाम, गरिबी, स्वतंत्र आणि निकृष्ट शाळा, इंग्रजी येत नाही म्हणून एकाच इयत्तेत दोन-दोन वर्षे बसवणे, अशा गाळण्यांतून फार थोडी पुढे जात. म्हणजे कायद्याने स्पॅनिश जिथे चालवून घेतली तिथे ती बोलणारी मुले नव्हती आणि जिथे ती मुले होती तिथे ती चालवून घेतली नाही. असे कोणी कारस्थान रचले होते असे आम्हांला वाटत नाही. तशी गरजही नव्हती.

उलट मुलांना वेगळे ठेवण्याचे समर्थन म्हणून भाषा पुढे केली जाई. डेल रिओ येथील पालकांनी वेगळ्या शाळांविरुद्ध दाद मागितली, तेव्हा १९३० साली टेक्सासच्या न्यायालयाने भाषेच्या कारणावरून वेगळे बसवणे मान्य केले. १९४८ च्या डेलगाडो खटल्यात संघीय न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, तरीही पहिलीपुरते भाषिक कारणाने वेगळे वर्ग ठेवण्याची फट उरलीच. मार्फातील अंत्यविधीचे वर्ष १९५४ हेच वर्णभेदी शाळांविरुद्धच्या सुप्रसिद्ध निकालाचे वर्ष आहे. आणि १९५५ च्या उन्हाळ्यात याच मार्फात ‘जायंट’ या हॉलिवूडपटाचे चित्रीकरण झाले. टेक्सासमधील मेक्सिकनांना मिळणारी वागणूक हा त्या चित्रपटाचा एक विषय आहे. कॅमेरे आले तेव्हा ती पेटी पुरून फार तर दीडेक वर्ष झाले असेल.

हायस्कुलातील विषयाचे काय चालले होते? तेथे पद्धती बदलत होत्या. १९२९ च्या कोलमन अहवालाने सांगितले की बहुसंख्य विद्यार्थी परकीय भाषा दोनच वर्षे शिकतात. तेवढ्या वेळात बोलणे येणार नाही, म्हणून वाचनाचे उद्दिष्ट ठेवावे. व्यवहारी सल्ला होता आणि त्याची कारणमीमांसाही चुकीची म्हणता येत नाही. पण गाव ओलांडले की जी भाषा कानावर पडते ती केवळ वाचण्यासाठी शिकायची, यातील विसंगती त्यात कोठे उमटलेली नाही. पुढे १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक उडाला, १९५८ साली राष्ट्रीय संरक्षणाच्या नावाने शिक्षणाचा कायदा झाला आणि भाषाप्रयोगशाळांसाठी पैसा आला. कानांवर हेडफोन चढवून मुले स्पॅनिश वाक्यांचे नमुने घोकू लागली. याच काळात दक्षिण-पश्चिमेतील कितीतरी शाळांत मधल्या सुटीत स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शाळा सुटल्यावर डांबून ठेवले जात होते, छडी बसत होती. नागरी हक्क आयोगाने १९७२ साली मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांवरील आपल्या अभ्यासमालेत या बंदीची आणि शिक्षांची नोंद केली आहे.

ग्लोरिया अन्झाल्दुआ यांनी १९८७ सालच्या ‘बॉर्डरलँड्स’ या ग्रंथात हाच अनुभव सांगितला आहे. मधल्या सुटीत स्पॅनिश बोलताना पकडल्यावर बोटांच्या पेरांवर पट्टीचे तीन फटके बसले. आपल्या नावाचा उच्चार कसा करावा हे शिक्षिकेला सांगू पाहिले तर ते उर्मटपणात जमा झाले. साहित्याच्या अभ्यासकांना हे प्रकरण परिचित असते, कारण सीमाप्रदेश आणि संकर यांवरील चर्चांत त्याचा उल्लेख सतत होतो. त्यामानाने एक तपशील दुर्लक्षित राहतो. त्या स्वतः पुढे हायस्कूलमध्ये शिकवू लागल्या, तेव्हा मेक्सिकन वंशाच्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच लेखकांचे साहित्य देण्यासाठी त्यांना ते चोरून द्यावे लागले आणि मुख्याध्यापकांकडून समज मिळाली. पट्टी खाल्लेली मुलगी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली, तरी व्यवस्था तीच होती. ‘सिद्धान्त’ म्हणून या पुस्तकाचे अध्यापन करताना त्यातील ही शाळा आमच्याकडून हरवते, असे आम्हांला वाटते.

अन्झाल्दुआ १९६२ साली ज्या एडकाउच-एल्सा भागातील हायस्कुलातून उत्तीर्ण झाल्या, तेथेच नोव्हेंबर १९६८ मध्ये विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले. त्यांच्या मागण्यांत शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलण्याचा हक्क ही एक होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सॅन अँटोनिओच्या लेनियर हायस्कूलमध्येही हीच मागणी पुढे आली होती आणि मार्चमध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतून हजारो विद्यार्थी रस्त्यावर आले होते. चौदा ते अठरा वयाची ही मुले. त्यांना स्पॅनिश शिकवा असे ते आधी म्हणत नव्हते, ती बोलू द्या असे म्हणत होते. टेक्सासचा १९१८ चा निर्बंध १९६९ साली उठला.

द्विभाषिक शिक्षणाचा संघीय कायदा जानेवारी १९६८ मध्ये झाला. त्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन १९२८ साली, विशीत असताना, टेक्सासमधील कोटुला गावी मेक्सिकन-अमेरिकन मुलांचे शिक्षक होते. १९६५ च्या आपल्या गाजलेल्या भाषणात त्यांनी त्या मुलांची आठवण काढली. मुलांना इंग्रजी येत नव्हते आणि आपल्याला फारसे स्पॅनिश येत नव्हते, असे त्यांनी सांगितले. चरित्रकार आणखी एक गोष्ट नोंदवतात. हा कळकळीचा, मुलांसाठी राबणारा शिक्षक मैदानावर स्पॅनिश ऐकू आली की शिक्षा करीत असे. कळकळ आणि शिक्षा एकाच माणसात नांदत होत्या. ही मुले इंग्रजीवाचून जगात मागे पडतील, ही त्याची भीती खोटी नव्हती. रिचर्ड रॉड्रिगेझ यांनी १९८२ मध्ये आपल्या आत्मकथनात घरची स्पॅनिश सोडल्याचे दुःख सांगूनही द्विभाषिक शिक्षणाला विरोध केला तो याच बाजूने. सार्वजनिक जीवनात शिरायचे तर घरची भाषा मागे ठेवावी लागते, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला ते पटत नाही, पण इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मुले घालणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकांनी त्याला सहज झटकून टाकू नये.

बंदी उठली आणि सत्तरच्या दशकात एक नवाच पेच उभा राहिला. घरात स्पॅनिश बोलणारी मुले आता मोठ्या संख्येने हायस्कूलच्या स्पॅनिशच्या वर्गात येऊन बसली. पुस्तक ‘हे पुस्तक आहे’, ‘ही खिडकी आहे’ येथून सुरू होणार, आणि समोरचा मुलगा खिडकी उघडून बाहेरच्याला हाक मारू शकतो. पण त्याला ती भाषा लिहिता येत नाही, कारण ती लिहायला कोणी शिकवलेच नाही. त्याचे शब्द पुस्तकातले नाहीत. परीक्षेत कधीकधी इंग्रजीभाषक मुलांना त्याच्यापेक्षा जास्त गुण पडतात, कारण त्यांना क्रियापदांचे तक्ते पाठ असतात. आपल्याच भाषेत कच्चा ठरल्याचा हा अनुभव मैदानावरच्या छडीपेक्षा सौम्य म्हणावा की कठोर, हे ठरवणे सोपे नाही.

स्पॅनिश-पोर्तुगीज शिक्षकांच्या संघटनेने या मुलांच्या अध्यापनासंबंधी अहवाल तयार केला, तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. या मुलांसाठी वेगळे वर्ग हवेत, हे त्याने मान्य केले. पण लक्ष्य ठेवले ते जागतिक प्रमाण स्पॅनिशचे. ग्वादालुपे वाल्देस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली संपादित केलेल्या ग्रंथापासून चर्चेचा रोख बदलू लागला : मुलाची बोली हा दुरुस्त करण्याचा दोष न मानता तिच्यात वाचन-लेखनाची आणि अन्य शैलींची भर घालायची. ऐकायला साधे आहे. प्रत्यक्षात शिक्षकाला स्वतःचे प्रशिक्षण विसरावे लागते, आणि ज्यांनी स्पॅनिश परकीय भाषा म्हणून कष्टाने कमावली त्या शिक्षकांना तर समोरचा मुलगा आपल्यापेक्षा अस्खलित बोलतो हेही पचवावे लागते.

राजकारण स्वतंत्र वाटेने चालूच होते. १९९८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव २२७ मंजूर करून लहान वर्गांतील द्विभाषिक शिक्षण जवळजवळ बंद पाडले. त्याच राज्याच्या विद्यापीठात प्रवेश हवा तर हायस्कूलमध्ये इंग्रजीखेरीज दुसरी भाषा दोन वर्षे शिकण्याची अट होती. घरून आणलेली स्पॅनिश पहिलीत विसरायची आणि नववीत पुस्तकातून पुन्हा घ्यायची, असा हा हिशेब. २०१६ च्या प्रस्ताव ५८ ने तो निर्बंध काढला. मधल्या काळात, २०११ साली, कॅलिफोर्नियाने दोन भाषांत प्रावीण्य मिळवणाऱ्या हायस्कूल विद्यार्थ्यांच्या पदविकेवर द्विसाक्षरतेची मुद्रा उमटवण्याचा कायदा केला आणि नंतर बऱ्याच राज्यांनी तो गिरवला. ही मुद्रा शेतमजुराच्या मुलालाही मिळते आणि चार वर्षे स्पॅनिश शिकलेल्या आमच्या अमेरिकास्थित मराठी आप्तांच्या मुलांनाही.

मार्फातील ब्लॅकवेल शाळा १९६५ मध्ये बंद झाली. २००७ साली तिचे माजी विद्यार्थी एकत्र जमले आणि त्यांनी ‘मिस्टर स्पॅनिश’ला समारंभपूर्वक उकरून बाहेर काढले. २०२२ मध्ये त्या इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा देणारा कायदा झाला. २००७ च्या त्या समारंभात मातीतून वर आला तो स्पॅनिशचा एक शब्दकोश होता. त्यात ‘त्रुखे’ हे रूप दिले होते की नाही, एवढे आम्हांला पाहायचे आहे.